पार्श्वभूमी : गेमिंग ग्रुपमधली चार चौकटींची चित्रं आली कुठून?

छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेडच्या कॉलेजांतल्या गेमिंग आणि अ‍ॅनिमेच्या ग्रुपांवर हल्ली एक पद्धत दिसते. कुणी माईकवर मुलीला छळलं, गेममधल्या आयडीवरून तिचं इन्स्टा शोधून काढलं, की अ‍ॅडमिन लांबलचक समज देत बसत नाही. चार चौकटींचं एक चित्र टाकतो आणि मोकळा होतो. बहुतेक वेळा ते इंग्रजी वेबकॉमिकमधून, म्हणजे इंटरनेटवर निघणाऱ्या चित्रकथेतून, उचललेलं असतं. फुग्यांतला मजकूर तेवढा मराठी, कधी थेट परभणीच्या बोलीतला, आणि मूळ चित्रकाराची सही कापलेली. या चित्रांमागचा इतिहास फारसा सोज्वळ नाही. छळाविरुद्ध बोलणारं वेबकॉमिक ज्या घरातून आलं, त्याच घरात छळाचे विनोदही शिजले होते.

चित्रकथा मराठी वाचकाला नवी नव्हती. इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ एका पिढीने वाचून वाचून फाडला. दिवाळी अंकांतल्या खिडकीचित्रांत वरून पाहिलं तर भलतंच काही दिसायचं आणि पान उलटलं की साधीच गोष्ट निघायची. तो विनोद बहुतेकदा बाईच्या अंगावरूनच जायचा आणि हसणारा वाचक पुरुषच असणार, हे धरून चालायचा. त्यावर तेव्हा कुरबुरी झाल्या, पण अंक निघत राहिले.

वेबकॉमिक नव्वदच्या दशकात इंटरनेटवर आलं ते संपादक आणि वितरक यांना वगळून. काढणारा स्वतःच गेम खेळणारा, कोड लिहिणारा, वाचणारेही तसेच. त्यामुळे त्यात बाहेरच्याला न कळणारे विनोद चालायचे आणि चित्रकार वाचकांशी घरातल्यासारखा बोलायचा. २००८ साली काडीच्या माणसांच्या एका प्रसिद्ध वेबकॉमिकमध्ये दोनच चौकटी आल्या. फळ्यावर मुलगा गणित चुकतो, तेव्हा शेरा मिळतो की तुझं गणित कच्चं आहे. तीच चूक मुलगी करते, तेव्हा ऐकू येतं की मुलींचं गणितच कच्चं असतं. भाषण नाही, आकडेवारी नाही. हे चित्र आजही फिरतं.

खरा पेच पडला तो २०१० साली. तो नीट सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्या सावलीत घडलं आहे.

गेमिंगवरच्या एका अत्यंत लोकप्रिय अमेरिकी वेबकॉमिकमध्ये त्या ऑगस्टमध्ये एक भाग आला. ऑनलाइन गेममध्ये खेळाडूला काम दिलं जातं : पाच गुलाम सोडव. पाच झाले की नायक निघून जातो. सहावा हात जोडून म्हणतो, मला इथे ठेवू नकोस, आणि एका काल्पनिक लांडगेवजा प्राण्याकडून रोज रात्री होणाऱ्या बलात्काराचं वर्णन करतो. नायक म्हणतो, माझा कोटा पूर्ण झाला. काढणाऱ्यांची बाजू अशी की टोमणा गेममधल्या कोरड्या, मोजूनमापून केलेल्या ‘चांगुलपणा’ला आहे. ही बाजू अगदीच पोकळ नाही. पण अत्याचारातून गेलेल्या काही वाचकांनी लिहिलं की हसू आणण्यासाठी नेमकी हीच गोष्ट का वापरली? त्यावर उत्तर म्हणून दुसरा भाग आला, तोही खिल्ली उडवणारा. मग त्या काल्पनिक प्राण्याच्या नावाचा, एखाद्या संघाची जर्सी असावी तसा टी-शर्ट विक्रीला आला. जानेवारी २०११ मध्ये तो दुकानातून काढला गेला. त्याच सुमारास समाजमाध्यमांवर दोन्ही बाजूंना धमक्या गेल्या आणि त्याच मंडळींच्या गेमिंग मेळाव्यात बोलायला काहींनी नकार दिला.

इथे दोन तट पडतात आणि ते अजून मिटलेले नाहीत. एक म्हणतो, विनोदावर माफी मागायला लावणं ही सेन्सॉरशिपची पहिली पायरी. दुसरा म्हणतो, शर्ट काढायला इतके महिने का लागले? प्रस्तुत लेखकाला दुसऱ्या बाजूचं म्हणणं अधिक पटतं, पण कारण वेगळं आहे. चित्रावर वाद घालता येतो. तो शर्ट घालून पन्नास जण मेळाव्यात हिंडू लागले की वादाला जागाच उरत नाही. तिथे आलेल्या मुलीला आपली गणती कुठे होते एवढंच कळतं. शिवाय शर्ट काढला, पण का काढला हे मनापासून सांगितलं नाही. त्यामुळे सप्टेंबर २०१३ मध्ये मेळाव्याच्या भर व्यासपीठावर चित्रकाराच्या तोंडून आलं की शर्ट मागे घेणं हीच चूक होती, आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. काही दिवसांत लेखी खुलासा आला, पश्चात्तापही आला. पुढच्या काही महिन्यांत त्याच मेळाव्यांत स्त्रिया, समलिंगी, पारलिंगी, अपंग अशा खेळाडूंसाठी खास कक्ष ठेवण्याचं जाहीर झालं. अर्धवट माघारीत दोन्हीकडचे नाराज राहतात, हे मराठवाड्याला कुणी शिकवायला नको. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव १९७८ चा, अंमल १४ जानेवारी १९९४ चा, तोही नामविस्तार म्हणून. प्रमाणाची तुलना अर्थातच नाही. तिथे माणसं मेली, घरं जळाली.

२०१४ मध्ये चक्र पालटलं. ऑगस्टपासून गेमिंगमधल्या स्त्रियांविरुद्ध इंटरनेटवर मोहीम उघडली गेली, काहींना घर सोडून जावं लागलं. सप्टेंबरमध्ये एका वेबकॉमिकमध्ये एक समुद्रसिंह अवतरला. बाई सहज म्हणते, मला समुद्रसिंह आवडत नाहीत. तेवढ्यावरून तो अतिशय नम्रपणे पुरावा मागत तिच्या मागे लागतो, जेवणाच्या टेबलावर येतो, रात्री पलंगापाशी येऊन उभा राहतो. ‘ताई, फक्त प्रश्न विचारला, चिडता कशाला?’ हा सूर मराठी कमेंटींत रोज दिसतो. त्याला पकडायला इतकं नेमकं चित्र दुसरं नसावं. त्याच शरद ऋतूत न्यूयॉर्कच्या कॉमिक मेळाव्यात फलक लागले : वेशभूषा म्हणजे संमती नव्हे. आपल्याकडे त्या डिसेंबरमध्ये मुंबईच्या मेळाव्यात बलात्कारपीडितेला नायिका करणारं एक कॉमिक प्रकाशित झालं. २०१२ च्या दिल्लीतल्या घटनेनंतर सुचलेलं ते कॉमिक रस्त्यावरच्या आणि घरातल्या हिंसेबद्दल होतं, गेमिंगबद्दल नव्हे.

मराठवाड्यात हे सगळं उशिरा आणि उलट्या क्रमाने पोचलं. आधी उस्मानपुऱ्यातले सायबर कॅफे आणि होस्टेलवर संगणक एकमेकांना जोडून खेळायचं काउंटर-स्ट्राइक, म्हणजे बंदूकबाजीचा गेम. तिथे मुली नव्हत्याच, त्यामुळे प्रश्नही नव्हता. मेळावा बघायचा तर देवगिरी एक्स्प्रेसने मुंबई गाठायची. सप्टेंबर २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, मग पबजी आलं आणि लातूरच्या ट्यूशन एरियातल्या मुलामुलींच्या हातात एकच लॉबी, म्हणजे खेळाआधी सगळे जमतात ती जागा, आली. २ सप्टेंबर २०२० ला त्यावर बंदी आली, पुढच्या वर्षी नव्या नावाने खेळ परतला. या काळात मुली खेळत होत्या. माईक बंद ठेवून, आयडीला ‘भाऊ’ जोडून.

२०१० चा मूळ वाद इथे कुणाला माहीत नव्हता, पण त्यामागची मनोवृत्ती ओळखीची होती. शाळेत ज्यांची टर उडवली त्यांना आपणही कुणाला छळू शकतो हे पटत नाही. तिकडच्या गेमिंग जगाचं हेच दुखणं होतं. पुण्याच्या होस्टेलवर ‘काय करायलास’ म्हटल्यावर ज्याच्यावर खोली हसली, तो मराठवाड्याचा मुलगा लॉबीत पोरीचा आवाज ऐकताच तितकाच निर्दय होतो. अनुशेषाची भाषा आपल्या रक्तात आहे. आपल्याला काय मिळालं नाही ते आपण चटकन मोजतो.

स्थानिक हातांनी काढलेल्यांपैकी एक चित्र इथे सांगण्याजोगं आहे. फोनवर बोटाने काढलेलं, रेषा वाकड्या. पहिल्या चौकटीत चौघांची स्क्वॉड, ‘भाऊ’ नावाची आयडी पहिल्यांदाच माईक उघडते : “डावीकडं दोघं हायेत, पडक्या घरात.” दुसरीत मोठ्या अक्षरांत, “अबे, पोरगीए!” तिसरीत तिघे बंदुका खाली करून उभे. “कुठली तू?” “आवाज लै भारी.” “इन्स्टा दे ना.” त्यांच्या पाठीमागे, डावीकडून, ते दोघं येतायत. चौथीत चौघेही आडवे, आणि तिचा फुगा : “म्हणलं होतं ना, डावीकडं दोघं हायेत.” हे चित्र मुलांनीच सर्वांत जास्त पुढे पाठवलं. छळ वाईट असतो असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही. छळापायी मॅच हरली, एवढंच आहे. २०१० च्या वादातून जे शिकण्यासारखं होतं ते यात आपसूक आलंय : हसणं कुणावर रोखायचं, हे आधी ठरवायचं.

सामावून घेण्याचा प्रश्न इथे बाईपाशी थांबत नाही. इंजिनिअरिंगच्या मुलांच्या डिस्कॉर्डवर, म्हणजे गेमिंगवाल्यांच्या गप्पांच्या अ‍ॅपवर, पहिल्या पाच मिनिटांत ‘पूर्ण नाव काय?’ विचारलं जातं, म्हणजे आडनाव. त्या २००८ च्या फळ्याच्या चित्राची मराठवाडी आवृत्ती त्यामुळे सहज तयार झाली : एकाचा कोड चालला नाही तर ‘झोपला नसेल रात्री’, दुसऱ्याचा चालला नाही तर ‘कोट्यातून आलाय’. मुलींवरची चित्रं ज्या ग्रुपांनी पिन केली, त्यांतल्या काहींनी हे चित्र ‘राजकारण नको’ म्हणून उडवलं. ज्यांना माईकवरचं कळतं त्यांना आडनावावरचं कळत नाही असं नाही. कळतं म्हणूनच उडवतात.

चित्रांवर इतका भर का, याचं एक उत्तर तक्रारीच्या वाटेत आहे. ऑनलाइन पाठलाग २०१३ पासून गुन्हा आहे आणि १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये येतो. पण माईकवरच्या शेरेबाजीसाठी वसमतहून शिकायला आलेली मुलगी ठाण्यात जात नाही, कारण पहिला फोन घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी मोबाइल काढून घेतला जातो. कॉलेजांतल्या तक्रार समित्यांना २०१५ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विनियमांचा आधार आहे आणि त्यांत पुरुष व तृतीयपंथी विद्यार्थ्यांच्या तक्रारीही बसतात. मात्र पोरांनी पोरांसाठी काढलेला ग्रुप कॉलेजचा धरायचा की खासगी, यावर प्रत्येक ठिकाणी वेगळं उत्तर मिळतं. तोवर निर्णय अ‍ॅडमिनच्या हाती, आणि अ‍ॅडमिन बहुतेकदा दुसऱ्या वर्षाचा मुलगा असतो.