कण्हेर (लाल-पांढरी)

भूमध्य समुद्राच्या आजूबाजूचं सदाहरित फुलझुडूप. शास्त्रीय नाव नेरियम ओलिअँडर, उंची साधारण २ ते ४ मीटर. आपल्याकडे देवळाच्या आवारात आणि हायवेच्या दुभाजकावर सगळ्यांनी पाहिलेलंच आहे म्हणून वर्णन लांबवत नाही. पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, ती अमेरिकेतून आलेली आणि वेगळीच, तिचा इथे संबंध नाही.

मूळ कुठलं यावर मात्र वाद जुना आहे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये एकच जाती धरली, मग १७६८ ला इंग्लिश बागतज्ज्ञ मिलरने भारतातली वेगळी काढून तिला नेरियम इंडिकम म्हटलं आणि नंतर बरीच वर्षं 'तिकडची बिनवासाची, इकडची वासाची' अशी वाटणी पुस्तकांतून चालत राहिली. १९८० च्या दशकात पाखेन या डच अभ्यासकाने बागेतल्या वाणांचा मोठा आढावा घेऊन सगळं परत एकाच जातीत घातलं. तेच जास्त पटतं, कारण वास, रंग, डबल पाकळ्या हे लागवडीत बदलत जातं. रानटी पट्टा ढोबळमानाने मोरोक्कोपासून दक्षिण चीनपर्यंत धरतात, पण छाटकलमाने हे इतकं सहज लागतं की खरं रानातलं कुठलं आणि बागेतून सुटलेलं कुठलं हे बऱ्याच ठिकाणी ठरवणं अवघड. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेई या रोमन शहराच्या भित्तिचित्रांत हे झुडूप आहे, म्हणजे बागेत त्याच्या आधीच आलं असणार.

याच्या विषाचं तिकडे आणि इकडे, दोन्हीकडे माहीत होतं. जुना ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस म्हणतो कुत्री, गाढवं, खेचरं याने मरतात, आणि संस्कृतमध्ये करवीरचं (म्हणजे कण्हेरीचं) दुसरं नाव अश्वमारक. ओलिअँड्रिन हे त्यातलं मुख्य द्रव्य, हृदयावर परिणाम करणारं, सगळ्या भागांत असतं. म्हणून छाटलेल्या फांद्या जाळू नयेत, गुरांपुढेही टाकू नयेत.

लागवडीत एक गैरसमज आहे. दुष्काळात टिकतं म्हणून याला कोरडवाहू समजतात, पण भूमध्य समुद्राकडे हे वाढतं ते उन्हाळ्यात आटलेल्या ओढ्यांच्या पात्रात, वर दगडगोटे आणि मुळं खाली ओलीत, त्यामुळे पहिले एकदोन उन्हाळे खोलवर पाणी द्यायचं आणि मग सोडून दिलं तरी चालतं. ऊन पूर्ण हवं, सावलीत नुसती पानं येतात. पिवळा मावा कोवळ्या शेंड्यांवर हमखास बसतो, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने जातो. छाटणी बहर संपल्यावर, हातमोजे घालून.