हायडा ग्वाय : जमीन 'परत दिली' की 'मान्य केली'?

एप्रिल २०२४ मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने, त्याच्या किनाऱ्याजवळच्या हायडा ग्वाय या बेटांचे मूळ रहिवासी असलेल्या हायडा लोकांशी जमिनीचा करार केला, आणि सरकारने बेटं हायडांना परत दिली असं सर्रास लिहिलं-बोललं गेलं. करार मात्र देण्याघेण्याचा नाही. संपूर्ण हायडा ग्वायवर हायडांचा मूळ हक्क, म्हणजे मूळ रहिवासी म्हणून जमिनीवरची मालकी, आहे, हे प्रांत त्यात मान्य करतो. हा शब्दांचा कीस वाटेल, पण गेल्या पन्नास वर्षांचं भांडण नेमकं या दोन क्रियापदांमधलं आहे. दिलेलं काढूनही घेता येतं. मान्य केलं म्हणजे ते आधीपासून होतंच, आणि मधल्या काळात सरकारने दुसऱ्याच्या रानातलं लाकूड विकलं, हेही ओघाने आलं.

हायडांनी ही बेटं ना लढाईत गमावली, ना विकली, ना कुठल्या तहावर सही केली. १७७४ मध्ये स्पॅनिश जहाज येऊन गेलं. १७८७ मध्ये एका इंग्रज व्यापारी कप्तानाने आपल्या जहाजाचं नाव, क्वीन शार्लट, बेटांना देऊन टाकलं. खरा घाव घातला तो १८६२ च्या देवीच्या साथीने. हजारोंची वस्ती शतक संपेपर्यंत सहाशेच्या आसपास आली, गावंच्या गावं ओस पडली आणि उरलेले लोक ओल्ड मॅसेट आणि स्किडगेट या दोन ठिकाणी गोळा झाले. ओस पडलेला किनारा सरकारी जमीन म्हणून धरला गेला.

त्यात पॉटलॅच या त्यांच्या जेवणा-भेटींच्या समारंभावर सरकारी बंदी आली, १८८५ ते १९५१. बाहेरच्यांना ती उधळपट्टीची मेजवानी वाटली. हायडांमध्ये कूळ आईकडून चालतं, आणि प्रत्येक जण डोमकावळ्याच्या किंवा गरुडाच्या बाजूचा असतो. नाव, कुळाचं चिन्ह, अमुक ओढ्यावर सॅमन धरायचा अधिकार, हे सगळं वारशाने येतं. ते कुणाकडे गेलं हे पॉटलॅचमध्ये जाहीर व्हायचं, आणि जेवून-भेटी घेऊन गेलेले पाहुणे त्याचे साक्षीदार ठरायचे. आपल्या भाषेत ही फेरफाराची नोंदच. तलाठ्याचं दप्तर जप्त करायचं आणि मग उतारा मागायचा, असा हा प्रकार होता.

कागद नसला तरी झाडं होती. जुन्या रानात लाल सीडरच्या खोडांवरून सालीचा लांब पट्टा सोललेला दिसतो. टोपल्या, टोप्या, दोर यांसाठी तो काढलेला असतो. झाड मरत नाही, जखमेच्या कडा हळूहळू भरत येतात. काही खोडांना खोल चौकोनी भोक असतं. होडीसाठी झाड पाडण्याआधी गाभा कुजलाय का, ते पाहायला कुणीतरी ते कोरलेलं. पुढे जंगलतोडीच्या वादात अशा झाडांनीही साक्ष दिली.

ती तोड यातल्याच लायल बेटावर पोचली तेव्हा, १९८५ मध्ये, हायडांनी रस्ता अडवला. अंगावर कुळाची चिन्हं शिवलेल्या कांबळी घेतलेले म्हातारेकोतारेही त्यात होते. ७२ जणांना अटक झाली. १९९३ मध्ये ग्वाय हानास या दक्षिणेकडच्या भागाचा कारभार केंद्र सरकारबरोबर निम्मा-निम्मा करण्याचा करार झाला. त्यात दोन्ही पक्षांची भूमिका शेजारीशेजारी छापली आहे. एकीकडे हायडा म्हणतात जमीन आमची, दुसरीकडे सरकार म्हणतं राजसत्तेची. त्यावर एकमत झालं नाही, पण दोघांनी खाली सह्या केल्या. मला हा या साऱ्या इतिहासातला सर्वांत शहाणा कागद वाटतो.

पुढचं पाऊल कोर्टातून पडलं. १९६१ पासूनचा एक मोठा तोड-परवाना १९९९ मध्ये हायडांच्या संमतीशिवाय दुसऱ्या कंपनीच्या नावे करण्यात आला. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, हक्क सिद्ध व्हायचा असला तरी सरकारला आधी सल्लामसलत करावीच लागेल. नकाराधिकार मात्र हायडांना मिळाला नाही. मालकीचा त्यांचा मूळ दावा २००२ पासून वेगळा चालू होता.

२०१० मध्ये बेटांचं क्वीन शार्लट हे नाव अधिकृतपणे बदलून हायडा ग्वाय झालं. हायडांनी ते इंग्रजी नाव सीडरच्या पेटीत घालून सरकारच्या हाती दिलं. 'परत दिलं' हे क्रियापद बसतं ते इथे.

२०२४ च्या करारात खासगी घरं-जमिनी आणि नगरपालिका यांना हात लावलेला नाही, आणि हे हायडांनीच कबूल केलं. गुंता इथेच आहे. मूळ हक्क सामूहिक आहे, बाजारात विकता येत नाही. खासगी मालकी एकट्याची, विकता येणारी. एकाच प्लॉटवर दोन्ही कसे नांदणार, असं टीकाकार विचारतात, आणि प्रश्न अगदीच खोटा नाही. पण या बेटांवर खासगी जमीन थोडी, आणि निम्म्याहून जास्त भूभाग आधीच संरक्षित आहे, हे त्या चर्चेत फारसं येत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारनेही हा हक्क मान्य केला. अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने करायची ठरली आहे : सुरुवातीला संरक्षित क्षेत्रं, मासेमारीची लॉज आणि जंगलतोड.