कर्तव्यपथ

कर्तव्यपथ : नवी दिल्लीत राष्ट्रपती भवनापासून विजय चौकमार्गे इंडिया गेटकडे जाणारा सरळ, रुंद रस्ता. इंग्रजी अमदानीत किंग्जवे, स्वातंत्र्यानंतर राजपथ आणि ८ सप्टेंबर २०२२ पासून कर्तव्यपथ. विदर्भातल्या खेड्यांत २६ जानेवारीला झेंडावंदन आटोपून लोक टीव्हीवर जे संचलन पाहतात, ते याच रस्त्यावरचे.

१२ डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात पंचम जॉर्जने राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवण्याची घोषणा केली. नव्या राजधानीची आखणी एडविन लट्येन्स आणि हर्बर्ट बेकर या इंग्रज वास्तुविशारदांची. रस्त्याचा इतिहास बहुधा या दोघांपासून सांगतात. तो रायसीना आणि मालचा या गावांपासून सांगायला हवा. तिथली वावरे १८९४ च्या भूसंपादन कायद्याने सरकारने घेतली. मालच्यातील काही कुटुंबे सोनीपतजवळ हरसाना येथे जाऊन वसली. हाच कायदा स्वतंत्र भारतातही २०१३ अखेरपर्यंत चालला. वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणात घरदार गेलेल्या भंडारा-नागपूरकडच्या गावकऱ्यांना त्याची कलमे वेगळी समजावून सांगावी लागत नाहीत.

रायसीना टेकडीच्या चढावरून लट्येन्स व बेकर यांच्यात मोठा वाद झाला. राजप्रासादाचा, म्हणजे आजच्या राष्ट्रपती भवनाचा, घुमट रस्त्यावरून सतत दिसावा, असा लट्येन्सचा आग्रह होता. पण बेकरच्या सचिवालयाच्या दोन इमारतीही टेकडीवरच आल्या आणि त्यांच्यामधून चढ काढला गेला. त्यामुळे इंडिया गेटकडून येताना लांबून डौलात दिसणारी वास्तू विजय चौकाजवळ चढाआड बुडते. वर उरतो तो घुमटाचा माथा. ही चूक आजही कोणालाही उघड्या डोळ्यांनी दिसते.

इंडिया गेटची कोनशिला १९२१ मध्ये बसली, उद्घाटन १९३१ मध्ये झाले. प्रजासत्ताक दिनाचे पहिले संचलन मात्र १९५० साली आयर्विन स्टेडियममध्ये झाले. ते कायमचे राजपथावर आले १९५५ पासून.

दुतर्फा जांभळाची झाडे, हिरवळ आणि पाण्याचे पाट. यांतील बोट क्लबची हिरवळ अनेक वर्षे देशभरच्या मोर्च्यांचे ठिकाण होती. ऑक्टोबर १९८८ मध्ये उत्तर प्रदेशातील शेतकरी नेते महेंद्रसिंग टिकैत यांच्यामागे आलेल्या लाखो शेतकऱ्यांनी तिथेच मुक्काम ठोकला, चुली पेटवल्या. २ ऑक्टोबर १९८९ रोजी टिकैत आणि शरद जोशी यांची संयुक्त सभा तिथे ठरली होती. कापसाच्या भावासाठी लढलेला विदर्भ हा जोशींच्या शेतकरी संघटनेचा बालेकिल्ला; लाल बिल्ला इथे गावोगाव छातीवर दिसे. पण दोन्ही बाजूंची व्यासपीठावरच फाटाफूट झाली आणि देशातल्या शेतकऱ्यांची एकजूट होण्याची मोठी संधी गेली. पुढे बोट क्लबवर सभाबंदी आली. तेव्हापासून गाऱ्हाणे घेऊन दिल्लीला जाणाऱ्यांना जंतरमंतरची जागा दाखवली जाते.