लॅटिनो पात्रांचा ठरीव चेहरा : पार्श्वभूमी

अमेरिकी कादंबरीत, चित्रपटात किंवा मालिकेत लॅटिनो पात्र आले की त्याचे रूप बहुधा ठरलेले असते. तपकिरी वर्ण, दाट काळे केस, काळे डोळे. बाई असेल तर भरदार बांधा, पुरुष असेल तर मिशा. वास्तविक लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकेत मुळे असलेला माणूस, हा वंश नाही. एकट्या ब्राझीलमध्ये गुलाम म्हणून सुमारे ४८ लाख आफ्रिकी माणसे उतरवली गेली, १९०८पासून तिथेच जपानी शेतमजूर आले, अर्जेंटिनात इटालियन लाखोंनी स्थायिक झाले. आंदीज पर्वतातले मूलनिवासी तर आधीपासूनचेच. या सगळ्यांचे वंशज लॅटिनो आहेत.

मूकपटांतला मेक्सिकन म्हणजे तेलकट केसांचा दरोडेखोर. त्याच्यासाठीची शिवी चित्रपटांच्या नावातच असे. १९२२ साली मेक्सिकोच्या सरकारने असे चित्रपट काढणाऱ्या कंपन्यांवर बंदी घातली. त्याच दशकात ‘लॅटिन प्रियकर’ हा नायकाचा साचा गाजला, पण त्यातला सर्वांत मोठा नट इटलीत जन्मलेला होता.

रंगभूषेचा सर्वांत वादग्रस्त निर्णय १९६१च्या ‘वेस्ट साइड स्टोरी’ या चित्रपटातला. पोर्तो रिको या अमेरिकेच्या ताब्यातल्या कॅरिबियन बेटावरच्या बहीण-भावाच्या भूमिका रशियन आणि ग्रीक वंशाच्या कलावंतांना मिळाल्या. पोर्तो रिकोतच जन्मलेली एक अभिनेत्रीही त्यात होती, आणि तिलाही तिच्या स्वतःच्या वर्णापेक्षा गडद तपकिरी थर चढवला गेला. पोर्तो रिकन माणसे अनेक रंगांची असतात हे तिने सांगूनही रंग बदलला नाही. त्याच भूमिकेसाठी तिला ऑस्कर मिळाले, तरी या निर्णयाचे समर्थन करता येत नाही.

रंगभूषा पुसता येते, शब्दांचे तसे नाही. ‘त्रिगेन्यो’ हा स्पॅनिश शब्द ‘त्रिगो’ म्हणजे गहू यावरून आला. आपल्या ‘गव्हाळ’चा तो सख्खा भाऊच, पण अर्थ दर देशागणिक सरकतो. मेक्सिकोत तो गव्हाळ-सावळ्याच्या आसपास राहतो. क्यूबात काळ्या केसांच्या गोऱ्या माणसालाही लावतात. पोर्तो रिकोत मात्र तोंडावर ‘काळा’ म्हणणे टाळण्यासाठी आफ्रिकी वंशाच्या माणसाला पुष्कळदा ‘त्रिगेन्यो’ म्हणतात. म्हणजे पोर्तो रिकोची राजधानी सान हुआनमधल्या अशा पात्राला मराठीत ‘गव्हाळ’ केले की त्याचे आफ्रिकी पूर्वजच पुसले जातात. ‘मोरेना’चेही तसेच. स्पेनमध्ये काळ्या केसांची गोरी मुलगी मोरेना असू शकते, डोमिनिकन रिपब्लिकमध्ये तोच शब्द बहुधा काळ्या मुलीसाठी येतो. म्हणून भाषांतरकाराने आधी पात्राचे गाव पाहावे, मग शब्द कोण उच्चारतो आहे ते, आणि मग केसांचे वर्णन. केस काळे-सरळ आहेत की बारीक कुरळे, यावरून पुष्कळदा उलगडा होतो.

इंग्रजीतल्या ‘ऑलिव्ह’ कांतीची अडचण वेगळी. तिथे फळाचा रंग अभिप्रेत नसतो. फिकट किंवा मध्यम वर्णाखाली जाणवणारी पिवळट-हिरवट झाक अभिप्रेत असते, आणि तिला ‘निमगोरी’ बरेच जवळचे. कॅरॅमल, कॉफी, कोको या उपमांवर आक्षेप आहे तो दोन कारणांनी. गोऱ्या पात्रांना त्या क्वचितच लागतात, आणि कॉफी-साखरेच्या मळ्यांवर गुलाम राबले होते. मात्र ‘कानेला’, म्हणजे दालचिनी, ही उपमा स्पॅनिश बोलणारे लोक स्वतः प्रेमाने वापरतात. तिला सरसकट हद्दपार करणे बरोबर नाही.

शासकीय व्याख्या यापेक्षा स्पष्ट होती. अमेरिकेत १९७७पासून हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश भाषा-संस्कृतीशी नाते सांगणारी, ही ओळख वंशापासून वेगळी धरली गेली, १९९७मध्ये तिच्या जोडीला ‘लॅटिनो’ शब्द आला. २०१०च्या जनगणनेत २ कोटी ६७ लाख लॅटिनोंनी वंश फक्त ‘गोरा’ असा नोंदवला होता. २०२०मध्ये ते १ कोटी २६ लाख उरले, आणि दोन किंवा अधिक वंश नोंदवणारे २ कोटींच्या पुढे गेले. प्रश्नाची मांडणी आणि उत्तरे नोंदवण्याची पद्धत बदलल्याचाही त्यात मोठा वाटा आहे. २०२४मध्ये वंश आणि लॅटिनो हे दोन्ही प्रश्न एकत्र करण्याचे ठरले.

अलीकडचा वाद उलट्या टोकाचा आहे. २०२१मध्ये न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन हाइट्स या डोमिनिकन वस्तीवर संगीतपट आला. मुख्य भूमिकांत गडद वर्णाचे आफ्रो-लॅटिनो जवळजवळ नाहीत अशी टीका झाली, आणि निर्मात्याला जाहीर माफी मागावी लागली. त्याच वर्षी ‘वेस्ट साइड स्टोरी’ नव्याने आला. १९६१मध्ये जिला रंगवले गेले होते त्या भूमिकेत या वेळी एक आफ्रो-लॅटिना होती, आणि २०२२चे ऑस्कर तिला मिळाले.