ग्रेहाउंड टेप लावून निवडता येत नाही : रेसच्या कुत्र्यांच्या ब्रीडिंगची पार्श्वभूमी

आपल्या इंदूरमध्ये गेल्या काही वर्षांत ग्रेहाउंड पाळायचं वेड चांगलंच वाढलंय. राऊ, महू, बायपासकडच्या फार्महाऊसवर तर आहेतच, पण रामबागेतल्या जुन्या वाड्यांच्या गल्लीतसुद्धा सकाळी एखादा लांब पायांचा, पोट खपाटीला गेलेला कुत्रा फिरताना दिसतो. बहुतेकांना ही हौस पंजाबातल्या गावांमधल्या रेसचे रील्स बघून लागलीये. आणि पिल्लू घ्यायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, "भिया, हाइट किती जाईल?" विकणाराही तयारच असतो, बाप ३० इंची आहे, आई २८ इंची आहे, म्हणून भाव वरचा. आई-बाप पळतात कसे, वळणावर सावरतात का, कितव्या वर्षी लंगडले, हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. म्हणून ग्रेहाउंडचा आकार आणि वेग आजच्यासारखा कसा झाला ते जरा सविस्तर लिहितोय, कारण ते कळल्याशिवाय हा हाइटचा नाद सुटायचा नाही.

सुरुवात शर्यतीतून झालेली नाही, शिकारीतून झाली. इंग्लंडात ससा उठवायचा, त्याला थोडं अंतर पुढे जाऊ द्यायचं आणि मग एकाच वेळी दोन ग्रेहाउंड सोडायचे, याला कोर्सिंग म्हणायचे. यात ससा मारला की जिंकलं असं नव्हतं. घोड्यावर बसलेला पंच बघायचा की सशापर्यंत आधी कोण पोचलं, सशाला वळायला कोणी लावलं, आणि त्या वळणानंतर कोण पटकन सावरलं, त्यावर गुण. ससा क्षणात काटकोनात वळतो, त्याच्यामागे जड कुत्रा गेला की तो सरळ पुढे वाहवत जातो आणि परत फिरेपर्यंत हलका कुत्रा दोन गुण घेऊन मोकळा. म्हणजे कुठला आकार चालेल हे त्या खेळानेच ठरवलं.

१७७६ मध्ये नॉरफोकमधल्या स्वाफहॅमला लॉर्ड ऑरफर्डने कोर्सिंगचा क्लब काढला. हा माणूस ब्रीडिंगच्या बाबतीत अक्षरशः झपाटलेला होता. ग्रेहाउंडला वेग आहे पण जिगर कमी पडते असं त्याला वाटायचं, म्हणून त्याने चक्क बुलडॉगचा क्रॉस लावला आणि पुढे सहा-सात पिढ्या परत ग्रेहाउंडशीच जोड्या लावत गेला, तोपर्यंत बुलडॉगचं बोजड शरीर निघून गेलं आणि चिकाटी तेवढी राहिली असं त्या काळचे लोक लिहून गेलेत. आजच्या नजरेने त्यातलं किती खरं ते बाजूला ठेवलं तरी विचार महत्त्वाचा आहे, की दिसण्यासाठी क्रॉस लावायचा नाही, कामासाठी लावायचा, आणि मग मैदानात तपासायचा.

तपासायला मैदानही मोठं मिळालं. १८३६ मध्ये लिव्हरपूलजवळ ऑल्टकारला वॉटरलू कप सुरू झाला. पुढे त्यात ६४ कुत्रे उतरायचे, हरला की बाहर, म्हणजे जिंकायला सलग सहा फेऱ्या काढाव्या लागायच्या. नुसता वेग असून भागत नव्हतं, दमसास लागायचा, घोटे शाबूत राहायला लागायचे. या कपाचा सगळ्यात गाजलेला हिरो म्हणजे आयर्लंडचा मास्टर मग्राथ. १८६८, १८६९ आणि १८७१ असा तीनदा जिंकला, मधल्या १८७० ला गोठलेल्या नदीत बर्फ फुटून आत पडला म्हणून हरला. आणि वजन किती? जेमतेम २४-२५ किलो. आज इंदूरमध्ये कोणी ते पिल्लू विकायला आणलं तर हाइट नाही म्हणून लोक परत पाठवतील. त्याच्यानंतर फुलरटन आला, १८८९ ला विजेतेपद वाटून घेतलं आणि पुढची तीन वर्षं एकट्याने जिंकला.

त्याच सुमाराला स्टडचा धंदा सुरू झाला. १८३९ ला जन्मलेला किंग कॉब हा फी घेऊन सगळ्यांच्या माद्यांसाठी खुला ठेवलेला पहिला नामांकित नर मानतात, आणि आजच्या जवळपास सगळ्या ग्रेहाउंडच्या पेडिग्री (वंशावळी) मागे नेल्या की त्याच्याशी जाऊन भिडतात. १८८२ ला इंग्लंडात स्टडबुक आलं, आयर्लंडने स्वतःचं १९२३ मध्ये काढलं. स्टडबुकमुळे बाप कोण, आई कोण हे कागदावर पक्कं झालं आणि कुठली लाइन कशी पळते हे ताडून बघता यायला लागलं, पण दरवाजाही बंद झाला, बाहेरचं रक्त जवळपास थांबलं.

मग खेळच बदलला. ओवेन पॅट्रिक स्मिथ नावाच्या अमेरिकन माणसाने यंत्रावर पळणारा नकली ससा बनवला आणि १९१९ मध्ये कॅलिफोर्नियात एमरीव्हिलला ट्रॅक उघडला. १९२६ च्या जुलैत मँचेस्टरला बेल व्ह्यूवर इंग्लंडातली पहिली ट्रॅक रेस झाली, ४४० यार्ड, मिस्टली नावाच्या कुत्र्याने २५ सेकंदांत जिंकली. आता ससा वळत नव्हता, ट्रॅक वळत होता, आणि दोनाऐवजी सहा कुत्रे सुरुवातीच्या रेषेवरच्या पेटीतून एकदम सुटत होते. त्यामुळे पेटीतून निघायचा झपाटा आणि पहिल्या वळणापर्यंतचा वेग यांची किंमत एकदम वाढली, कारण पहिल्या वळणावर मागे राहिला तो गर्दीत अडकला. कोर्सिंगच्या मानाने कुत्रे थोडे मोठे, पुठ्ठ्यात भरलेले व्हायला लागले. पण बेसुमार मोठे नाही झाले, आणि हीच गोष्ट आपल्याकडच्या लोकांना पटवून द्यावी लागते. १९२९ आणि १९३० असा दोनदा इंग्लिश डर्बी, म्हणजे तिथली सगळ्यात मोठी ग्रेहाउंड रेस, जिंकलेला मिक द मिलर, ५२५ यार्ड ३० सेकंदांच्या आत पळणारा पहिला कुत्रा, वेळ २९.८२, तो साधारण २९ किलोचा होता. आज ट्रॅकवरचे नर बहुतेक २९ ते ३६ किलोत असतात, माद्या २४ ते ३० मध्ये. ग्रेहाउंडमध्ये नर-माद्या एकाच रेसमध्ये पळतात बरं का. इंग्लिश डर्बी आजवर चारच माद्यांनी जिंकलीये, शेवटची १९७९ ला साराज बनी, म्हणजे नराच्या ताकदीचा आणि आकाराचा काही फायदा आहे हे मी नाकारत नाही. पण तो एका हद्दीपर्यंतच.

ती हद्द वळणावर कळते. २००५ मध्ये एक अभ्यास आला होता, त्यात दिसलं की माणूस वळणावर वेग कमी करतो पण ग्रेहाउंड करत नाही, त्याच वेगात वळतो, आणि त्या वेळी पायांवरचा भार निम्म्याहून जास्त वाढतो. आता जितकं वजन जास्त तितका हा भार जास्त, आणि हाड त्या प्रमाणात जाड होत नाही. ट्रॅकवर कुत्रे घड्याळाच्या उलट दिशेने पळतात म्हणून सगळ्यात जास्त मोडतो तो उजव्या मागच्या पायाचा घोटा. इंग्लंडात तर नियमच आहे की मागच्या रेसपेक्षा वजनात एक किलोपेक्षा जास्त फरक पडला तर त्या दिवशी कुत्रा पळवायचा नाही. एका किलोला तिथे इतकं मोजतात आणि इथे आपण पाच-सात किलो उगाच वाढवून अभिमानाने फोटो टाकतो!

शोच्या, म्हणजे देखणेपणाच्या स्पर्धांत उतरवायच्या, ग्रेहाउंडकडे बघितलं की हे अजून स्पष्ट होतं. पूर्वज तेच, पण रिंगमध्ये उंची, मानेचा बाक, छातीची खोली बघून जोड्या लावत गेले. कुत्रे उंच झाले, देखणे झाले, पण पळायच्या कसोटीवर कोणी निवडलंच नाही. शिवाय पैदास मोजक्या कुत्र्यांत फिरत राहिली, त्यामुळे शोच्या लाइनमध्ये नसांचा एक आनुवंशिक आजार बसला, त्यात पिल्लू तीन ते नऊ महिन्यांचं असताना पाय लुळे पडायला लागतात. आपल्याकडे जे ३० इंची म्हणून येतात त्यातल्या बऱ्याच जणांत शोचंच रक्त असतं असं मला त्यांची ठेवण बघून वाटतं.

रेसच्या निवडीने शरीरात आतून काय बदल झाले ते बाहेरून दिसत नाहीत. हृदय शरीराच्या वजनाच्या साधारण सव्वा टक्का, बाकी कुत्र्यांत पाऊण टक्क्याच्या आसपास. रक्तात लाल पेशी जास्त. आमच्या ओळखीतल्या एका काकांच्या मादीचा रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा पेशींचा आकडा ५८ टक्के, लॅबवाल्याने लाल पेनने गोल करून ठेवलेला, काका हादरले, रात्रभर फोन. ग्रेहाउंडसाठी तो आकडा अगदी नॉर्मल आहे. उलट ४० आला असता तर काळजी करायची. अंगावर चरबी नाही आणि लिव्हर काही औषधं हळू पचवतं, म्हणून भुलीची जुनी इंजेक्शनं, थायोपेंटल वगैरे, यांना फार वेळ उतरत नाहीत. महूच्या व्हेटर्नरी कॉलेजला नेत असाल किंवा शहरातल्या क्लिनिकला, टेबलावर ठेवायच्या आधी हा ग्रेहाउंड आहे हे तोंडाने सांगा. आणि निवृत्त रेसिंग कुत्र्यांत हाडांचा कॅन्सर बराच दिसतो, ती या सगळ्याची दुसरी बाजू.

ठरावीक जीनमुळे आकार आणि वेग कसे बांधलेले असतात याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण ग्रेहाउंडच्या धाकट्या भावंडात, व्हिपेटमध्ये सापडलं. मायोस्टॅटिन नावाचा जीन स्नायूंची वाढ आवरून धरतो. २००७ मध्ये संशोधकांना काही व्हिपेटमध्ये तो बिघडलेला सापडला. आई-बापापैकी एकाकडूनच बिघडलेली प्रत आली तर कुत्रा जास्त वेगवान, रेसमध्ये पुढे. दोघांकडून आली तर पहिलवानासारखा फुगलेला, आणि तो रेसच्या कामाचा नाही. आता वेगवान नर आणि वेगवान मादी बघून जोडी लावली, दोघांतही एकेक प्रत असली, तर चारात एक पिल्लू सरासरी असं फुगलेलं निघणार. "दोन्ही बाजू चॅम्पियन" ऐकून लगेच पैसे काढणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

नंतर फ्रोजन सीमेन, म्हणजे गोठवून साठवलेलं वीर्य, आलं आणि ऑस्ट्रेलियातला नर आयर्लंडमधल्या मादीला बाप म्हणून मिळायला लागला, एकेका नावाजलेल्या नराची पिल्लं हजारांत. पण वेग? २००८ मधल्या एका अभ्यासात जुने निकाल मांडून दाखवलं की ग्रेहाउंडचा विक्रमी वेग १९७० च्या दशकापासून जवळपास जागेवरच आहे. इतकी मोठी पैदास होऊनही घड्याळ फारसं पुढे सरकलं नाही, आणि जे कुत्रे वेगवान निघाले नाहीत त्यांचं काय झालं हा प्रश्न मात्र वाढत गेला. त्यातूनच मकाऊचा ट्रॅक २०१८ ला बंद झाला, फ्लोरिडात २०२० च्या शेवटी रेस थांबल्या, न्यूझीलंडनेही २०२४ च्या डिसेंबरमध्ये बंदीचा निर्णय जाहीर केला. मला हे योग्यच वाटतं.

आता आपल्याकडचं. ग्रेहाउंड भारतात आले ते इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर, महूसारख्या छावण्यांमध्ये कोल्ह्या-सशांच्या मागे सोडायला. उन्हाळा त्यांना झेपायचा नाही. रामपूरच्या नवाबाने तर ठरवून इंग्लिश ग्रेहाउंड आणि अफगाणी ताझीचा क्रॉस लावून रामपूर हाउंड तयार केला. आपल्या बाजूला कारवान, दख्खनचा जुना शिकारी कुत्रा, होताच. मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपड्यांनी त्याची पैदास नीट सांभाळली म्हणून तो मुधोळ हाउंड म्हणून नावारूपाला आला, २००५ ला टपाल तिकिटावर आला आणि २०१६ ला लष्कराच्या मेरठच्या केंद्रात गेला. बारीक, काटक, मे महिन्याच्या उन्हात टिकणारा, मैलोन्मैल पळणारा. आणि आज आपल्याच भागात त्याला ग्रेहाउंडचा क्रॉस लावून हाइट वाढवतायत, वर शुद्ध कारवान म्हणून विकतायत, याचा खरंच मनस्ताप होतो. पहिल्या पिढीत उंची येते, झपाटाही येतो. पण पंजाबातल्या रेस सरळ मैदानात काही सेकंदांत संपतात, तिथे तो झपाटा पुरतो. आपल्या माळव्याच्या काळ्या, भेगाळलेल्या रानात, जिथे दर दहा पावलांवर वळायचं असतं, तिथे ही जड पिल्लं घोट्यातून जातात.

पिल्लू घ्यायला जाल तेव्हा आई-बापाला मोकळ्या जागेत सोडायला सांगा आणि वळताना बघा. मागचे घोटे हाताने दाबून बघा, जुनी गाठ हाताला लागते. आधीच्या विणीतली पिल्लं कोणाकडे गेली ते विचारा आणि त्यातल्या एक-दोघांच्या घरी जाऊन या. विकणारा यातलं काही करू देत नसेल आणि नुसती टेपच काढत असेल, तर तिथून निघा.