टांग मारणारे प्यादे : गॅम्बिटची पार्श्वभूमी

डावाच्या पहिल्या दोन-चार खेळ्यांतच एखादे प्यादे मुद्दाम बिनजोर ठेवायचे, प्रतिस्पर्ध्याला ते मारू द्यायचे आणि त्याच्या बदल्यात वेग, मोकळ्या रेषा किंवा पटाच्या मध्यावरचा ताबा मिळवायचा, या डावपेचाला बुद्धिबळात गॅम्बिट म्हणतात. बुद्धिबळ भारतात जन्मले, तेव्हा हा डावपेचही तितकाच प्राचीन असणार, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात हा खेळ आठशेहून अधिक वर्षे गॅम्बिटशिवाय खेळला गेला आणि त्याचे कारण खेळाडूंच्या बुद्धीत नव्हते, मोहऱ्यांच्या चालींत होते.

चतुरंग म्हणजे हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशी चार अंगांची सेना. तिच्यावर बेतलेला खेळ ‘अष्टापद’ या आठ गुणिले आठ घरांच्या, आधीपासून प्रचलित असलेल्या पटावर मांडला गेला. सातव्या शतकात बाणभट्टाने ‘हर्षचरिता’त हर्षाच्या राज्यातील शांततेचे वर्णन करताना, तेथे चतुरंगाची रचना आढळे ती केवळ अष्टापदावर, असा श्लेष साधला आहे. वाचकाला खेळ ठाऊक असल्याखेरीज हा श्लेष उलगडत नाही, म्हणून खेळाच्या प्राचीनतेच्या चर्चेत या एका वाक्याला मोठे वजन आहे. इराणमध्ये तो ‘चतरंग’ या नावाने पोहोचला. भारताच्या राजाने इराणचा सम्राट खुस्रो नौशेरवान याच्याकडे हा पट कोडे म्हणून पाठवला आणि बुजुर्गमिहिर या मंत्र्याने ते सोडवले, ही पहलवी ग्रंथातील कथा पुढे फिरदौसीच्या ‘शाहनामा’तही आली. कथा म्हणूनच ती वाचावी. मात्र खेळ कोठून आला याविषयी खुद्द इराणी परंपरेला शंका नव्हती, एवढे तिच्यातून निश्चित दिसते.

अरबांनी इराण जिंकल्यानंतर चतरंगाचा ‘शत्रंज’ झाला आणि बगदादच्या दरबारी त्यावर ग्रंथ लिहिले जाऊ लागले. नवव्या शतकातील अल-अदली आणि दहाव्या शतकातील अस-सूली ही त्यांतील दोन मोठी नावे. त्यांच्या पटावर आजच्या वजिराच्या जागी उभा असलेला ‘फर्ज’ तिरके एकच घर चाले. उंटाच्या जागेवरचा ‘फील’ तिरकी दोन घरांची उडी घेई, त्यामुळे साऱ्या पटावरची जेमतेम आठ घरे त्याच्या वाट्याला येत. (फील म्हणजे हत्ती. आपल्याकडे हत्ती कोपऱ्यात गेला आणि त्याच्या जागी उंट आला, तर स्पॅनिश भाषेत उंटाला आजही ‘अल्फील’ म्हणजे हत्तीच म्हणतात.) प्यादेही एकेक घरच पुढे सरके. अशा संथ सैन्याची गाठ पडायला दहा-बारा खेळ्या सहज लागत. त्यामुळे प्रत्येक खेळाडू आपल्या पसंतीची व्यूहरचना शांतपणे उभी करी. या रचनांना ‘ताबिया’ म्हणत आणि त्यांना स्वतंत्र नावे होती. सुरुवातीलाच प्यादे देऊन दोन खेळ्यांची आघाडी घेतली तरी तिचा उपयोग करील असा लांब पल्ल्याचा मोहरा आजच्या हत्तीखेरीज नव्हता, आणि तो तर कोपऱ्यात अडकलेला. शिवाय प्रतिस्पर्ध्याचे सगळे मोहरे मारून राजा एकटा पाडला तरी डाव जिंकला असे मानत. जेथे संख्याबळावरच विजय मिळू शकतो, तेथे प्यादे फुकट देण्यात शहाणपण नव्हते.

हा खेळ अरबांबरोबर स्पेनमध्ये गेला. राजा दहाव्या अल्फोन्सोच्या आज्ञेने १२८३ मध्ये सेव्हिल येथे सिद्ध झालेल्या सचित्र ग्रंथात प्याद्याने पहिल्या खेळीत दोन घरे जाण्याची मुभा आढळते. संथपणावरचा पहिला उपाय तो हाच. खरी उलथापालथ मात्र १४७५ च्या सुमारास व्हॅलेन्सियात झाली. तेथील तीन कवींनी मिळून रचलेल्या एका कॅटलान काव्यात मंगळ आणि शुक्र यांच्या प्रणयाच्या रूपकातून एक अख्खा डाव खेळला जातो आणि त्यात फर्जची जागा घेणारी राणी आजच्या वजिराप्रमाणे सर्व दिशांना, हवी तितकी घरे धावते. उंटालाही लांब तिरकी चाल मिळाली. इटलीत या नव्या खेळाला ‘पिसाळलेल्या राणीचे बुद्धिबळ’ अशा अर्थाचे नाव पडले, आणि ते अगदी चपखल होते: ज्या राजाला पूर्वी पंधरा खेळ्या धोका नसे, त्याच्यावर आता चौथ्याच खेळीत मात होऊ लागली.

गॅम्बिटचा जन्म या वेगातून झाला. १४९७ मध्ये सालामांका येथे छापलेल्या लुसेनाच्या पुस्तकात नव्या नियमांचे डाव आहेत. प्रतिस्पर्ध्याच्या डोळ्यांवर उजेड येईल असा पट ठेवावा, हा सल्लाही त्याच लेखकाचा, तेव्हा डावपेच केवळ पटापुरते नव्हते. १५१२ मध्ये रोममध्ये पेद्रो दामियानो या पोर्तुगीज औषधविक्रेत्याचे पुस्तक निघाले. आज क्वीन्स गॅम्बिट म्हणून ओळखली जाणारी, वजिराच्या बाजूच्या उंटापुढचे प्यादे देऊ करणारी सुरुवात त्यात आहे. नाव मात्र नाही. (एका वाईट बचावाला दामियानोचे नाव चिकटले आहे. तो बचाव खेळू नये असे त्यानेच बजावले होते, पण लोकांनी बचाव लक्षात ठेवला आणि इशारा विसरला.)

नाव दिले ते रुई लोपेझ याने. एस्त्रेमादुरातील साफ्रा गावचा हा धर्मगुरू १५६० मध्ये चर्चच्या कामासाठी रोमला गेला, तेथील खेळाडूंशी खेळला आणि परतल्यावर १५६१ मध्ये अल्काला येथे त्याने आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. इटालियन भाषेत ‘गांबा’ म्हणजे पाय आणि ‘गांबेत्तो’ म्हणजे कुस्तीत पायात पाय अडकवून पाडण्याचा डाव. आपल्या तालमीत त्याला टांग मारणे म्हणतात. प्यादे पुढे करून प्रतिस्पर्ध्याचा तोल घालवणाऱ्या सुरुवातीला लोपेझने हा शब्द लावला. मराठी वाचकाला यात एक गंमत जाणवेल, कारण आखाड्यात पहिलवान जो टाकतो तोही डाव आणि पटावर जो मांडला जातो तोही डावच. पुढे १५७५ मध्ये माद्रिदला दुसऱ्या फिलिपच्या दरबारात इटलीच्या लिओनार्दो या बुद्धिबळपटूने याच लोपेझला हरवले.

त्यानंतरची तीन शतके किंग्ज गॅम्बिटची होती. दोन्ही राजांपुढची प्यादी दोन-दोन घरे आल्यावर पांढरा आपल्या राजाच्या बाजूच्या उंटापुढचे प्यादेही दोन घरे ढकलतो. काळ्याने ते मारले की मध्यावरचा त्याचा पहारेकरी बाजूला जातो आणि ज्या घराला सुरुवातीला फक्त काळ्या राजाचाच जोर असतो, त्यावर पांढऱ्याचे उंट, घोडा आणि हत्ती रोखले जाऊ लागतात. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात कालाब्रियाच्या जोआकिनो ग्रेकोने हस्तलिखितांतून असे डाव युरोपभर पोहोचवले. १८२० च्या दशकात विल्यम एव्हान्स या वेल्श जहाज-कप्तानाने घोड्यापुढचे प्यादे देऊन आणखी एका गॅम्बिटला आपले नाव दिले.

भारतात या काळात खेळ वेगळ्या वाटेने चालला होता. वजीर आणि उंट यांना लांब चाली मिळाल्या होत्या, परंतु देशी पद्धतीत प्यादे एकच घर सरके आणि कॅसलिंगऐवजी (राजा आणि हत्ती यांच्या एकाच खेळीतील जोडचालीऐवजी) राजाला एकदा घोड्याची चाल करता येई. प्यादे दुसऱ्याच खेळीत शत्रूच्या प्याद्याला भिडेल अशी सोय नसल्याने युरोपीय धाटणीची गॅम्बिट येथे रुजणे कठीणच होते. पेशवे दुसऱ्या बाजीरावांसाठी त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांनी संस्कृतात बुद्धिबळाचा ग्रंथ रचला. १८१४ मध्ये मुंबईत त्याचे इंग्रजी रूप छापले गेले, तेव्हा त्यातील कूटस्थिती युरोपीय नियमांना जुळवून घ्याव्या लागल्या. दोन पद्धतींची पटावरची गाठ कलकत्त्यात पडली. तेथे वकिली करणारा जॉन कॉक्रेन हा हल्लेखोर खेळाडू महेशचंद्र बॅनर्जी यांच्याशी अनेक डाव खेळला. १८४८ मधील एका डावात कॉक्रेनने चौथ्या खेळीत प्यादे नव्हे, चक्क घोडा दिला. ती सुरुवात आज कॉक्रेन गॅम्बिट म्हणून ओळखली जाते. बॅनर्जी मात्र प्यादी एकेक घर सरकवून, उंट बगलेतून रोखून खेळत. तेव्हाच्या युरोपीय अभ्यासकांना विचित्र वाटलेली ही मांडणी विसाव्या शतकात ‘इंडियन डिफेन्स’ या कुळाच्या नावाने प्रतिष्ठित झाली.

गॅम्बिटच्या वैभवाचा कळस १८५१ मध्ये लंडनला आला. किंग्ज गॅम्बिटने सुरू झालेल्या एका अनौपचारिक डावात आडोल्फ आंडरसनने कीझेरिट्स्कीविरुद्ध एक उंट, दोन्ही हत्ती आणि शेवटी वजीरही देऊन उरलेल्या घोडा-उंटांनी मात केली. पुढे विल्हेल्म स्टाइनिट्झने अशा हल्ल्यांच्या मुळाशी हात घातला. आधी स्थितीत बळ असेल तरच हल्ला न्याय्य ठरतो आणि दिलेले प्यादे निमूटपणे मारून नीट बचाव करता येतो, असे त्याने लेखांतून आणि पटावर दाखवले, तसतशी किंग्ज गॅम्बिट मोठ्या सामन्यांतून हटत गेली.

क्वीन्स गॅम्बिट तेवढी टिकली, आणि ती टिकली याचे कारण काटेकोर अर्थाने ती गॅम्बिटच नाही. वजिराच्या बाजूच्या उंटापुढचे प्यादे काळ्याने मारले तरी पांढऱ्याला ते बहुधा परत मिळते. काळा ते घट्ट धरून बसला, तर पांढरा वजीर तिरप्या रेषेवर येऊन कोपऱ्यातल्या हत्तीवर चाल करतो आणि काळ्याला एखादा मोहरा गमवावा लागतो. १९२७ मध्ये ब्युनोस आयर्सला कापाब्लांका आणि अलेखाइन यांच्यात जगज्जेतेपदासाठी झालेल्या ३४ डावांपैकी ३२ डावांत हीच सुरुवात होती, आणि बचाव करणाऱ्याने ते प्यादे मारण्याचे टाळले होते.

जुन्या किंग्ज गॅम्बिटने शेवटचा मोठा वाद घडवला तो १९६० मध्ये. मार देल प्लाताच्या स्पर्धेत बोरिस स्पास्कीने तिच्या जोरावर बॉबी फिशरला हरवले. पराभव जिव्हारी लागलेल्या फिशरने पुढच्याच वर्षी लेख लिहून ही गॅम्बिट पांढऱ्याला हरवणारीच आहे असा निकाल दिला आणि तिच्यावरचा उताराही सांगितला. त्यानंतर १९६३-६४ च्या अमेरिकन अजिंक्यपद स्पर्धेत पांढऱ्या मोहऱ्यांनी लॅरी एव्हान्सविरुद्ध तो स्वतःच किंग्ज गॅम्बिट खेळला. फिशरने त्या स्पर्धेतले सर्व ११ डाव जिंकले. त्यांतला एक हा होता.