डिस्क फिरतेय, पण ओळख देत नाही

2009 च्या सुरुवातीला हार्ड डिस्क दुरुस्त करणाऱ्यांच्या जगात व्हिजिटिंग कार्डाच्या कपट्याला अचानक भाव आला. सीगेट कंपनीच्या बाराकुडा 7200.11 या मालिकेतल्या डिस्का एकामागून एक गप्प होत होत्या. रात्री कॉम्प्युटर नीट बंद केलेला, सकाळी चालू करावा तर डिस्क गायब. मोटर फिरते, खटखट नाही, करकर नाही. कॉम्प्युटरने काही विचारलं तर उत्तर एकच, ‘मी कामात आहे’. नाहीतर क्षमता शून्य.

आतल्या चकत्यांवरचा डेटा मात्र धडधाकट होता. डिस्क स्वतःपुरती घडामोडींची एक नोंदवही ठेवते. त्या वहीची शेवटची ओळ कुठली, हा हिशेब फर्मवेअरमध्ये, म्हणजे डिस्क चालवणाऱ्या तिच्या आतल्या प्रोग्राममध्ये, चुकला होता. नोंद 320 व्या ओळीवर असताना डिस्क बंद झाली आणि आणखी एखादा योग जुळून आला, की पुढच्या वेळी जागी होताना ती स्वतःच्याच तपासणीत नापास व्हायची आणि तिथेच हटून बसायची.

हौशी मंडळींनी यावर तोड काढली. डिस्कच्या मागे, केबलच्या जागेशेजारी काही बारीक पिना असतात. तो कारखान्यातल्या लोकांसाठी ठेवलेला टर्मिनल. डिस्कच्या सर्किट बोर्डाचे स्क्रू सैल करायचे, बोर्ड आणि डिस्क यांच्यातल्या संपर्काच्या टोकांमध्ये कार्डाचा कपटा सरकवायचा. संपर्क तुटल्यामुळे डिस्कला ती वही वाचता येत नाही, त्यामुळे ती अडतही नाही. मग टर्मिनलवर मोटर थांबवायचा हुकूम द्यायचा, वीज चालू ठेवूनच कपटा हलकेच ओढून काढायचा, स्क्रू आवळायचे, मोटर पुन्हा फिरवायची आणि उरलेले दोन-तीन हुकूम टाइप करायचे. हात थरथरला तर बोर्ड गेला. पण जमलं, तर सगळे फोटो जागच्या जागी. पुढे कंपनीने सुधारित फर्मवेअरही दिलं.

आजच्या पोर्टेबल डिस्कवर हाच प्रयोग करून बघा. टर्मिनलच्या पिना तिथेच आहेत, पण हुकूम ऐकला जात नाही. मधल्या काळात दाराला कुलूप लागलंय.

कुलूप कशाला लावलं हे कळायला फर्मवेअर राहतं कुठे ते बघावं लागेल. त्याचा छोटा भाग बोर्डावरच्या रॉम नावाच्या चिपमध्ये असतो आणि बराचसा थेट चकत्यांवर, सर्व्हिस एरिया नावाच्या पट्ट्यात. या पट्ट्याला कॉम्प्युटरच्या लेखी पत्ताच नाही. फॉरमॅट करा, काहीही करा, तिथे तुमचा हात पोचत नाही. म्हणजे घर उघडायच्या सूचना घरातल्याच कपाटात! रॉममधल्या थोडक्या सूचनांवर डिस्क मोटर फिरवते, मजकूर वाचणारं-लिहिणारं हेड चकतीवर आणते आणि ते कपाट गाठते. हेड आणि चकती यांच्यात अंतर असतं काही नॅनोमीटर, त्यामुळे प्रत्येक हेडची बारीकसारीक मापं कारखान्यात त्याच डिस्कवर घेऊन ठेवलेली असतात. त्यांतली काही रॉममध्येच असतात. हा प्रकार चष्म्याच्या नंबरासारखा आहे. म्हणून ‘सेम मॉडेलचा बोर्ड आणून लावला’ हा घरगुती उपाय आता सहसा चालत नाही. शेजाऱ्याचा चष्मा लावून पेपर वाचायचा तो प्रकार. जुना रॉम नव्या बोर्डावर न्यावा लागतो.

कपाटात आणखी एक मौल्यवान गोष्ट असते, ट्रान्सलेटर. कॉम्प्युटर मागतो अमुक नंबरचा सेक्टर, म्हणजे डेटाचा छोटा कप्पा. तो कुठल्या बाजूला, कुठल्या ट्रॅकवर (चकतीवरच्या गोल रेघेवर), वाटेतल्या खराब जागा वगळून नेमका कुठे, हे ट्रान्सलेटर सांगतो. तो बिघडला की डेटा असून बेपत्ता. त्यात हल्लीच्या बहुतेक पोर्टेबल डिस्कांमध्ये ट्रॅक कौलांसारखे लिहितात, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर थोडी चढलेली. तेवढ्याच जागेत जास्त मावतं, पण मधलं एक कौल बदलायचं तर त्या पट्ट्यातली पुढची सगळी उचलावी लागतात. म्हणून डिस्क नवा मजकूर आधी बाजूला टिपून ठेवते आणि सवडीने कौलं रचते. कुठलं सामान कुठे हलवलं याचा हिशेब सतत बदलता, आणि तोही चकतीवरच. ऐन रचताना यूएसबी केबल उपटली तर काय होईल याची कल्पना करा.

आता कुलूप. 2013 च्या उन्हाळ्यात नेदरलँड्समधल्या एका हॅकर संमेलनात येरून डॉम्बुर्ग या गृहस्थांनी एका हार्ड डिस्कच्या कंट्रोलरवरच, म्हणजे तिच्या बोर्डावरच्या मुख्य चिपवरच, लिनक्स चालू करून दाखवलं. डिस्कचं फर्मवेअर बदलता आलं तर कॉम्प्युटरला परस्पर खोटा मजकूर पुरवता येतो, हेही दाखवलं. त्याच डिसेंबरमध्ये ‘डेर श्पीगेल’ या जर्मन साप्ताहिकाने अमेरिकी हेरखात्याची एक यादी छापली, त्यात डिस्कच्या फर्मवेअरमध्ये लपणारं हत्यार होतं. फेब्रुवारी 2015 मध्ये अँटिव्हायरस बनवणाऱ्या कॅस्परस्कीने असा कोड प्रत्यक्ष सापडल्याचं जाहीर केलं. फर्मवेअर उघडं ठेवणं किती महाग पडतं ते जगजाहीर झालं. आता नव्या डिस्का कंपनीची डिजिटल सही नसलेलं फर्मवेअर घेत नाहीत आणि टर्मिनलही बंद. सीगेटची रोजवूड नावाची पातळ डिस्क कित्येक पोर्टेबलमध्ये असते, ती याच जातीची. हेराला अडवायचं तर दुरुस्तीवालाही अडतोच. दाराला दोघे सारखेच. माझं गाऱ्हाणं एवढंच की किल्ली कंपनीकडे, आणि डिस्क माझी.

वेस्टर्न डिजिटलच्या अनेक पोर्टेबलमध्ये याच्या वर आणखी एक थर. यूएसबीचं तोंड थेट बोर्डावर, आणि बोर्डावरची चिप सगळा मजकूर एईएस पद्धतीने कूटबद्ध करते. तुम्ही पासवर्ड ठेवला नसला तरीही. चकतीवरचं सगळं काढून आणलं तरी ती चिप किंवा तिची किल्ली हाताशी नसेल तर हाती नुसता कचरा. 2015 मध्ये काही संशोधकांनी अशा चिपा तपासून त्यांतल्या काहींत किल्लीच कच्ची असल्याचं दाखवलं. वाईट बातमीच, पण डेटा अडकलेल्यांना तेवढाच आधार.

मग कुलूप उघडतात कसं? बऱ्याचदा रॉमवाटे. ती इवलीशी चिप वाचायची, तिच्यातला पहारेकऱ्याचा भाग बदलायचा, परत लिहायची. मग टर्मिनल बोलायला लागतो. पीसी-3000 सारखी डेटा परत मिळवायची उपकरणं यातलं बरंच काम करतात. मात्र दार उघडताच कुणी फोटो काढायला धावत नाही. आधी रॉम आणि सर्व्हिस एरियाची प्रत बाजूला काढून ठेवतात, मग डिस्कची कौलं रचायची सवय बंद करतात. नाहीतर आपण वाचत असताना तीच पुसत बसायची.

माझ्या मावसभावाच्या डिस्कचं हे असंच काम झालं. कंपनी कुठली ते जाऊ दे. दुकानात नेण्याआधी त्याने ती फ्रीझरमध्ये ठेवली होती, मटारच्या पिशवीशेजारी, कुणीतरी सांगितलं म्हणून. बाहेर काढल्यावर दव धरतं हे सांगणाऱ्याने सांगितलं नव्हतं. कुलूप दोन दिवसांत उघडलं. आत एक चकती, दोन बाजू, दोन हेड. एका बाजूचा मजकूर दुपारभरात उतरला, दुसरं हेड मात्र अडखळत होतं. डिस्क दोन्ही बाजू आलटून पालटून वापरते, त्यामुळे तोवर हाती आलं होतं ते पानं मधूनमधून फाटलेलं पुस्तक. लहान फोटो पूर्ण, लग्नाचा लांबलचक व्हिडिओ ठिगळाठिगळांचा. दुसऱ्या बाजूला पुढे अकरा दिवस लागले. अंतरपाट दूर होतानाची काही मिनिटं तेवढी आली नाहीत.